तेवीस माणसं

चाकाला दांडा, दांड्याला आकड्यांची डबी,
दर मीटरला टक्.
सकाळी सव्वासहा, घणसोली.
सोसायट्यांचे वॉचमन
मला पाणीखात्याची समजतात.

कागदावर फुटपाथ एक मीटर ऐंशी.
त्यातून वजा विजेची पेटी,
वजा सोनमोहराच्या मुळांनी उचललेली फरशी,
वजा गॅरेजपुढच्या दोन स्कूटर
आणि त्यांच्या सावलीत झोपलेलं कुत्रं
(कुत्र्याला रकाना नाही, ते मी स्कूटरमध्ये धरते).
उरले बेचाळीस सेंटिमीटर.
माणूस खांद्याशी पन्नास भरतो,
दोन्ही हातांत पिशव्या असल्या की पंचाहत्तर,
असं प्रशिक्षणात शिकवलं.
म्हणजे बाजार करून येणाऱ्या बाईला
हे शहर तेहेतीस सेंटिमीटर अपुरं.
ती मग रस्त्यावर उतरते
आणि रिक्षावाला विचारतो,
फुटपाथ दिसत नाही का?

नाक्यावरचा सिग्नल चालणाऱ्याला अठरा सेकंद देतो.
क्लासला निघालेला पोरगा: नऊ.
कर्णिकबाई, गुडघा बदललेला: एकतीस.
त्या दुभाजकावर थांबतात, पिशवी छातीशी धरून.
अर्धा रस्ता या हिरव्याला, अर्धा पुढच्या,
हप्त्यानं घेतलेल्या फ्रिजसारखा.

चाकाच्या खुर्चीचा रकाना तीन दिवस कोरा.
देवधेकर सरांना विचारलं, काय लिहू?
म्हणाले, शून्य.
पण शून्य म्हणजे माणूस नाही असं नव्हे हं,
तो खाली उतरलाच नाही, असं वाचायचं.
तेव्हापासून मी मधूनमधून
मान वर करून खिडक्या बघते.

घोळ झाला तो शाळेमागच्या रस्त्यावर.
या टोकाला चौसष्ट जण आत गेले,
त्या टोकाला एक्केचाळीस बाहेर आले.
मध्ये घर नाही, दुकान नाही, नुसती भिंत.
रेघोट्या पुन्हा मोजल्या, चार उभ्या एक आडवी.
तेवीस माणसं भिंतीनं गिळली होती.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई मढवींच्या मागोमाग गेले.
डोक्यावर कोलंबीची पाटी, मानेत जरा हलकावा नाही.
जांभळाच्या झाडाआड भिंतीला भगदाड,
अलीकडे दोन विटांची पायरी, पलीकडे दगडाची,
कडा हात लागून लागून गुळगुळीत.
कुणीतरी विटेला चुना फासलेला,
अंधारात दिसावी म्हणून.
पुढे मळलेली वाट थेट गावठाणात:
आठशे मीटरांचा वळसा नव्वदमध्ये.
"भिंत मंग आली गो," पाटी न उतरवता त्या म्हणाल्या,
"वाट आधीची हाय."

शेऱ्यासाठी फॉर्मवर अर्धी ओळ असते.
मागच्या वर्षी कोपरखैरण्यात
मी त्या अर्ध्या ओळीत प्रामाणिकपणे लिहिलं:
रेलिंगमध्ये फट, लोक वापरतात.
महिन्याभरात वेल्डिंगवाला आला.
हल्ली तिथे पोरं रेलिंगवर चढून जातात,
म्हातारे चढत नाहीत;
काठीचा रकाना तिथे आता शून्य असेल.

नकाशा करणारी मंडळी वाईट नाहीत.
पाच मिनिटांत शाळा, दहा मिनिटांत बाजार,
अशी मनापासून वर्तुळं काढतात.
वर्तुळ भिंतीतून आरपार जातं,
कंपासला भगदाड लागत नाही.

पेन उघडं. अर्धी ओळ. ऊन चढत चाललेलं.
आत चौसष्ट, बाहेर एक्केचाळीस,
एवढंच लिहिलं.
फरक ज्याला खुपेल तो येईल शोधत,
चालत आला तर सापडेल त्याला.

मग चाक उचलून खांद्यावर घेतलं,
टक् होऊ नये म्हणून,
आणि विटेवर पाय ठेवला.